मखमलीवरचं इंद्रजाल

औरंगपुऱ्याच्या आतल्या गल्लीत साहेबराव दांडगे यांचं फोटो फ्रेमचं दुकान आहे. दुकान म्हणजे काय, एक शटर, एक लांब टेबल, भिंतीला टेकवलेले पट्ट्यांचे गठ्ठे आणि एक स्टूल, तेही गिऱ्हाईक आलं की त्याला द्यायचं. फोटो हातात घेतला की साहेबरावांचा पहिला प्रश्न ठरलेला, "माणूस हयात हाय ना?" नवं गिऱ्हाईक दचकतं, पण प्रश्न व्यवहाराचा आहे. गेलेल्या माणसाच्या फ्रेमला वर हारासाठी दोन आकडे ठोकावे लागतात. एकदा हा प्रश्न विचारायचा राहिला आणि करमाडकडच्या एका नव्या सरपंचाच्या फ्रेमला आकडे बसले. त्याच्या भावकीला ती फ्रेम फार आवडली म्हणतात, पण सरपंच चार माणसं घेऊन दुकानात आला होता.

तर असा हा माणूस. नाकासमोर चालणारा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. शेजारी मुबारकभाईंचं काचेचं दुकान. काच मुबारकभाईंनी कापायची आणि पट्टी साहेबरावांनी ठोकायची, अशी वीस-पंचवीस वर्षं दोघांची जोडी. घरी बायको मुक्ता आणि एकुलती एक लेक संस्कृती. या माणसाविषयी वाईट बोलायला जागा नाही, असं गल्लीतलं कुणीही सांगेल. जागा होती. ती दुकानाच्या माळ्यावर होती.

आपल्याकडे पुष्कळ घरांत दारासमोरच्या भिंतीवर एक फ्रेम दिसते. लाल मखमल, वर सोनेरी पट्टी आणि मखमलीवर पसरलेली काळ्या बारीक काड्यांची जाळी. त्याला म्हणायचं इंद्रजाल. घरावर करणी केली असो, भानामती असो, नजर असो, ती म्हणे या जाळीत अडकते आणि आत येत नाही. ही जाळी समुद्राच्या तळाशी उगवते, एवढंच लोकांना ठाऊक. आता मराठवाड्याला समुद्र ठाऊक असून असून किती असणार? जायकवाडी भरली की आम्हाला समुद्र बघितल्याचं समाधान. त्यामुळे तिथून आलेल्या कोणत्याही वस्तूवर आमचा विश्वास चटकन बसतो.

साहेबरावांकडे वर्षातून एकदोनदा एक माणूस वर्तमानपत्रात गुंडाळलेला गठ्ठा घेऊन यायचा. कुठून आणतो ते त्यानं कधी सांगितलं नाही, आणि यांनी विचारलं नाही. जाळी ओल्या फडक्यानं पुसायची, मखमलीवर पसरायची, कडेनं काळ्या दोऱ्याचे टाके घालायचे, काच लावायची. चार पैसे बरे सुटायचे, हे खरं. पण खरी गोडी पैशांची नव्हती. फोटो न्यायला येणारा माणूस साहेबरावांशी फोटोपुरतं बोलायचा. इंद्रजाल न्यायला येणारा मात्र स्टुलावर बसून घरातलं सगळं सांगायचा. पोराचं लग्न जमत नाही, म्हैस आटली, भावानं बांध कोरला. साहेबराव डोळे मिटून ऐकायचे आणि म्हणायचे, "दारासमोर लावा. अमावस्येला ऊद दाखवा. बघा फरक पडतो का." कधीमधी फरक पडायचा, कारण कधीमधी फरक पडतोच. मग तो माणूस पेढे घेऊन यायचा आणि म्हणायचा, "साहेबराव, तुमच्या हाताला गुण हाय." चौथीत शाळा सोडलेल्या माणसाला हे ऐकायला मिळालं तर त्याची चटक लागणार नाही का?

लेक संस्कृती याच दुकानात टेबलाखाली खेळून मोठी झाली. हुशार पोरगी. प्राणिशास्त्रात एम.एस्सी. केलं, पोहायला शिकली, आणि एके दिवशी घरी सांगितलं की कोकणातल्या एका समुद्री अभयारण्यात काम करणाऱ्या संस्थेत नोकरी मिळाली आहे. पाठीवर हवेची टाकी बांधून समुद्राच्या तळाशी जायचं, तिथली प्रवाळं मोजायची, त्यांच्यावर अडकलेली फाटकी मासेमारी जाळी कापून काढायची, पर्यटकांच्या होड्यांनी प्रवाळांवर नांगर टाकू नये म्हणून होडीवाल्यांची मनं वळवायची, थंडीत किनाऱ्यावर कासवांची घरटी राखायची. मुक्ता म्हणाली, "आम्ही विहिरीत वाकून बघत न्हवतो, अन् ही समिंदराच्या बुडाला जायली." पण साहेबरावांची छाती फुगली. येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून ते सांगायचे, आमची लेक समुद्राची राखण करते.

पहिल्याच सुट्टीत ती दुकानात आली, तर वडील मखमलीवर जाळी पसरून टाके घालत होते. लहानपणापासून पाहिलेली गोष्ट तिनं आता पहिल्यांदा पाहिली. तिनं जाळीवरून बोट फिरवलं. मग हळूच म्हणाली, "अण्णा, ही वनस्पती नाहीये. हे जिवंत असतं. याला समुद्रपंखा म्हणतात. एकेका काडीवर शेकडो जीव दाटीवाटीनं राहतात, तोंड उघडून पाण्यातलं अन्न टिपतात. एवढं वाढायला किती वर्षं लागतात, माहितीये? माझ्याहून मोठं असेल हे वयानं. आणि वाघाला जो कायदा आहे ना, तोच याला आहे. विकणं सोडा, घरात ठेवणंसुद्धा गुन्हा आहे."

"वाघाचा?" साहेबरावांच्या हातातली सुई तशीच राहिली.

"हो. आणि माझी नोकरी हेच वाचवायची आहे."

साहेबराव खरोखर हादरले होते, त्यात खोटं नव्हतं. त्यांनी सुई ठेवली, लेकीच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "बंद. आजपासून बंद. तुझ्या गळ्याशप्पथ." दुकानाच्या दर्शनी भिंतीवर लावलेलं नमुन्याचं इंद्रजाल त्यांनी तिच्यासमोर उतरवलं. पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. ते उतरवलेलं इंद्रजाल मात्र माळ्यावर गेलं, उरलेल्या गठ्ठ्याशेजारी.

तिथून पुढं ते माळ्यावरून उतरायलाही लागलं. कुणालाही नाही, फक्त ओळखीच्याला. साहेबरावांनी मनाची समजूत काढायला कारणंही भक्कम शोधून ठेवली होती. आपण काही समुद्रातून काढत नाही. हे तर मेलेलंच आहे. आपण नाही दिलं तर दुसरा देईल. आणि लोकांच्या श्रद्धेला नाही कसं म्हणायचं? गठ्ठा संपला तेव्हा तो गठ्ठेवाला पुन्हा आला, आणि साहेबरावांनी पुन्हा घेतला. मुबारकभाई काच कापता कापता म्हणाले, "साब, बच्ची को जबान दिये तुम. कायकू ले रे फिर?" साहेबराव म्हणाले, "शेवटचा हाय." मुबारकभाईंनी काच दिली, पण त्या दिवशी चहा पाजला नाही.

त्याच वर्षी पावसाळ्यानंतर एकदा संस्कृतीचा फोन आला. पोरगी फोनवर रडत होती. एका खडकावर समुद्रपंख्यांची मोठी वस्ती होती, ती आणि तिच्या मैत्रिणी दर हंगामात तिची पाहणी करत. या वेळी खाली गेल्या तर खडक खरवडून काढलेला. एक पंखा शिल्लक नव्हता. "कुणीतरी एवढं सगळं नेलं अण्णा. कुणाच्या तरी घरी लावायला." साहेबराव "अरेरे" म्हणाले. दुसरं काय म्हणणार? ते दुकानात बसूनच बोलत होते आणि डोक्यावर माळा होता. तो गठ्ठा त्याच खडकावरचा होता का, हे त्यांना कधी कळलं नाही, कळायचा मार्गही नव्हता. पण त्या रात्री त्यांना भाकर गेली नाही. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते हेच.

गोष्ट इथं थांबली असती तर झाकली मूठ सव्वा लाखाची राहिली असती. पण संक्रांतीच्या सुमाराला संस्थेनं आपल्याच शहरातल्या एका कॉलेजात समुद्री जीवांच्या फोटोंचं प्रदर्शन ठरवलं. किनाऱ्यापासून इतक्या लांब हे कशाला, असं कुणी विचारलं तर संस्कृतीचं उत्तर तयार होतं, की समुद्रातून चोरीला गेलेलं इथंच तर येऊन पडतं. संस्थेच्या प्रमुख, मोठ्या मॅडम, स्वतः येणार होत्या. संस्कृतीची नोकरी तोवर वर्षावर्षाच्या करारावर होती आणि तिला कायम करायचं मॅडमच्या मनात होतं. सगळे फोटो तिनं वडिलांकडेच फ्रेम करायला पाठवले. पाठवताना लिहिलं, "अण्णा, मॅडमना सांगितलंय, आमच्या अण्णांसारखी फ्रेम कुणाची नाही."

साहेबरावांनी दुकान आतून लावून घेतलं आणि जीव ओतून काम केलं. कासव, डॉल्फिन, प्रवाळ, रंगीत मासे, सगळ्यांना साधी काळी पट्टी आणि पांढरी किनार. मध्येच एक फोटो हाती आला. निळ्या पाण्यात उभा जांभळट समुद्रपंखा, काडीकाडीवर बारीक फुलं उमलल्यासारखी, आणि एका फांदीला शेपटीनं धरून बसलेला इवलासा समुद्रघोडा. साहेबराव बघतच राहिले. एवढी वर्षं ज्याला त्यांनी टाके घातले, ते जितेपणी असं दिसतं, हे त्यांना आज कळलं. त्या फोटोचं काम त्यांनी अगदी शेवटी केलं, आणि मन दुसरीकडेच असताना केलं. हाताला जी सवय, तेच हातानं केलं. दुसऱ्या दिवशी कॉलेजात खोकी उघडली तेव्हा संस्कृतीला काळ्या पट्ट्यांच्या फ्रेमांमध्ये एकच फ्रेम वेगळी दिसली. भोवती लाल मखमल, वर सोनेरी पट्टी. तिनं ती हातात धरून वडिलांकडे पाहिलं. साहेबराव घाईघाईनं म्हणाले, "उठून दिसावी म्हणून केली." मॅडमना ती फारच आवडली आणि त्यांनी ती दारासमोरच्या भिंतीवर लावायला सांगितली.

हॉल भरला होता. भरणारच, कारण साहेबरावांनी महिनाभर दिसेल त्याला आवतण दिलं होतं. ज्याची फ्रेम न्यायची होती त्यालाही आणि ज्याची नव्हती त्यालाही. शाळेची पोरं होती, प्राध्यापक होते, दोन पत्रकार होते. संस्कृती माईकवर बोलत होती, कासवाचं पिल्लू चंद्राच्या उजेडाकडे कसं धावतं ते सांगत होती, आणि साहेबराव पहिल्या रांगेत नवा सदरा घालून बसले होते. मुक्तानं तेवढ्यात दोनदा डोळे पुसले. मुबारकभाई मागं उभे होते.

भाषण संपलं, लोक फोटो बघत फिरू लागले. तेवढ्यात दारातून चतुराबाई आत आल्या. फुलंब्रीजवळच्या वाडीतली ही म्हातारी, नवऱ्यामागं एका मुलाला वाढवलेली. सुनेची दोन बाळंतपणं वाया गेली, तेव्हा कुणाच्या तरी सांगण्यावरून ती साहेबरावांच्या दुकानी आली होती. आता सून पाठीमागं होती आणि चतुराबाईंच्या कडेवर गुबगुबीत नातू होता. बाळाला सुई टोचायला शहरात आणलं होतं, आणि साहेबरावांनी बोलावलंय म्हणून वाट वाकडी करून म्हातारी इकडे आली होती. आल्या आल्या समोरची फ्रेम दिसली. तिनं चपला काढल्या आणि फोटोला हात जोडले.

"आगं बया! हे तर आपलं इंद्रजाल!" म्हातारीचा आवाज मोठा, हॉलभर गेला. "साहेबरावाच्याच हातचं हाय. ही पट्टी, ही मखमल, हुबेहूब आपल्या घरच्यावानी. गेल्या उन्हाळ्यात सुनंला दिवस व्हते तवा दिलं मला, अन् बघा, हे लेकरू पदरात पडलं! लई गुणाचा हात हाय तुमच्या वडलांचा, बाई."

शेवटचं वाक्य तिनं संस्कृतीला उद्देशून म्हटलं होतं, पोरीच्या गालावरून हात फिरवत.

फोटो बघणारे मागं वळले. मॅडमनी फ्रेमकडे पाहिलं, मग साहेबरावांकडे. "काका, तुम्ही... हे विकता?" विचारताना त्यांचा सूर कडक नव्हता, उलट गोंधळलेला होता. पत्रकार जवळ सरकले. आणि संस्कृती वडिलांकडे बघत होती. तिला सगळं कळलं होतं, गेल्या उन्हाळ्यात म्हणजे शपथेच्या नंतर, हा हिशेब तिच्यासारख्या पोरीला लागायला किती वेळ लागणार? तरीही तिच्या नजरेत राग नव्हता. ती नुसती वाट बघत होती, अण्णा आता काय म्हणतात त्याची.

अण्णा काय म्हणाले?

"नाय हो मॅडम. मी कशाला विकतो? मावशीचा कायतरी घोटाळा होयला. वय झालंय त्यांचं, ध्यानात राहत नाय." असं म्हणून साहेबराव हसलेसुद्धा.

चतुराबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग संस्कृतीकडे, मग माईककडे आणि भोवतीच्या शहरी माणसांकडे. चार दुष्काळ बघितलेली बाई ती, तिला काय समजायचं ते समजलं. कडेवरचं बाळ तिनं दुसऱ्या बाजूला घेतलं आणि म्हणाली, "व्हय बाई. दुसऱ्या कुनी दिलं आसंल. मला कुठं आता काय आठवतंय." सून तोंड उघडणार होती, तर म्हातारीनं तिचा दंड दाबला. चहा व्हायच्या आधी दोघी निघून गेल्या. चपला घालताना बाळ रडत होतं तेवढं ऐकू आलं.

साहेबरावांना धरणीनं पोटात घ्यावं असं झालं, पण धरणी असल्या कामाला कधी वेळेवर येत नाही. चहा आला, तो त्यांना प्यावा लागला. मॅडम म्हणाल्या, "वयस्कर माणसांचं होतं असं," आणि पोरीची नोकरी शाबूत राहिली. म्हणजे साहेबरावांनी पोरीला वाचवलं, असं त्यांनी स्वतःला सांगून पाहिलं. ते त्यांचं त्यांनाही पटलं नाही.

घरी आल्यावर संस्कृतीनं हातपाय धुतले. मग स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून म्हणाली, "अण्णा, तुम्ही मला फसवलंत, ते मी गिळलं असतं. कसंही करून गिळलं असतं. पण तुम्ही त्या आजीला भर सभेत येडी ठरवलंत. आणि तिनं ते तुमच्यासाठी मुकाट ऐकून घेतलं. मला तुमची लाज वाटली." एवढं बोलून ती आत गेली. दुसऱ्या दिवशी सकाळीच मैत्रिणीकडे जाते म्हणून बाहेर पडली, संध्याकाळी परत आली आणि रात्रीच्या गाडीनं कोकणात गेली. जाताना आईच्या पाया पडली. वडील दुकानातून यायच्या आधीच निघाली होती.

मग फोन यायचे ते मुक्ताच्या फोनवर. साहेबराव शेजारी बसून एका बाजूचं बोलणं ऐकायचे. दुकानात त्यांना गिऱ्हाइकाच्या डोळ्याला डोळा देता येईना. मुबारकभाई रोज विचारायचे, "गये क्या उस बुढ़िया के पास?" साहेबराव म्हणायचे, "जाणार हाय." लग्नसराई आहे, पट्ट्यांचा माल यायचा आहे, ऊन उतरू दे. फुलंब्री म्हणजे काही लंका नव्हे, हर्सूल ओलांडलं की आलीच. पण चांगल्या कामाला आपल्याला मुहूर्त लागतो आणि खोटं बोलायला लागत नाही.

होळीच्या पुढं-मागं एक दिवस त्यांचाच फोन वाजला. संस्कृती! "अण्णा, जेवलात का? ऊन फार आहे का तिकडे? दुपारी घरी जात जा ना." आवाज पहिल्यासारखा, लाडाचा. त्या दिवसापासून ती रोज फोन करू लागली. किनाऱ्यावर कासवाची पिल्लं निघाली ते सांगायची, व्हिडिओवर दाखवायची. एकदा म्हणाली, "अण्णा, मला तुमचा अभिमान वाटतो." साहेबरावांनी सगळ्या गल्लीला चहा पाजला. पोटची पोर, किती दिवस रुसेल? झालं गेलं गंगेला मिळालं. मुबारकभाईंना त्यांनी हसत सांगितलं, "बघा, न जाताच मिटलं."

मुबारकभाई काच पुसत म्हणाले, "तुम्हारा मिट गया. उसका?"

साहेबरावांना राग आला, आणि खरं बोलणाऱ्याचा येतो तसाच आला. त्याच दुपारी हर्सूलकडे नवा फ्लॅट घेतलेलं एक जोडपं आलं. शिकलेली, गाडीतून आलेली माणसं. इंद्रजाल पाहिजे म्हणाली. साहेबराव म्हणाले, "आम्ही ठेवत नाय." नवरा डोळा मिचकावून म्हणाला, "अहो, आत असेल की एखादं. कुणाला सांगणार नाही आम्ही." साहेबराव एकदम ओरडले, "नाय म्हणलं ना! जित्या जिवाची कातडी हाय ती, तुमच्या दारावर टांगायची?" जोडपं घाबरून निघून गेलं. साहेबराव स्टुलावर बसले. परक्यापुढं शूरपणा करायला काय लागतं? माळ्यावरचा गठ्ठा अजून तिथंच होता. त्यांनी शटर ओढलं, किल्ली मुबारकभाईंकडे दिली आणि फुलंब्रीची जीप पकडली.

चतुराबाईंच्या घरी ओसरीवर सून बाळाला निजवत होती. तिनं साहेबरावांना पाहिलं आणि तोंड फिरवून आत गेली. म्हातारी मात्र उठली, पाणी दिलं, चहा टाकायला सांगितला. साहेबराव उभेच राहिले. म्हणाले, "मावशी, मी चुकलो. तुम्ही खरं बोलत व्हता. मीच दिलं व्हतं. तुम्हाला चारचौघांत..."

"बसा आधी," म्हातारी म्हणाली. "तुमची लेक येऊन गेली. त्याच्या दुसऱ्याच दिवशी. माझ्या पायावर डोकं ठिवलं तिनं अन् म्हणली, आजी, तुमचं खरं व्हतं, माझ्या अण्णाचं खोटं. लई रडली लेकरू. तिनंच सांगितलं, ते काय असतंय ते. जित्या जिवांचं घर म्हणं. म्या त्याच टायमाला उतरवलं." तिनं आत बोट दाखवलं. धान्याच्या कोठीशेजारी फ्रेम जुन्या लुगड्यात गुंडाळून ठेवली होती. "मी म्हणलं, घेऊन जा बाई. तर म्हणली, नाय. अण्णा येतेन, त्यांच्याच हाती द्या. तेच नेऊन देतेन वनखात्यात."

मग म्हातारी पुढं सरकली आणि तिनं आवाज बारीक केला. "पर साहेबराव, खरं सांगा. ते उतरवलंय तर लेकराला काय व्हनार नाय ना? मला रातच्याला झोप लागत नाय. जरा खोकलं तरी उठून बसती."

साहेबरावांना वाटलं होतं, लाजेचा तळ आपण त्या हॉलमध्येच गाठला. तळ इथं होता. ही बाई दोन-अडीच महिने जिवाच्या भीतीनं जागी होती, आणि तरी तिनं ते भिंतीवरून उतरवलं होतं. ती भीती तिच्या घरात कुणी आणून लावली होती? "काय व्हत नाय, मावशी," ते म्हणाले, आणि लुगड्यातल्या फ्रेमकडे बघत पुढचं बोलले. "त्याच्यात काय बी न्हवतं. मी सांगायचो ते सगळं माझ्या मनाचं. तुमच्या सुनंला डॉक्टरची दवा लागू पडली. माझ्या हाताला काय गुण नाय."

म्हातारीनं मान हलवली. तिला किती पटलं, देव जाणे. चहा आला. कप हातात घेऊन ती म्हणाली, "पर बरं झालं आलात. न्हाय तर माझं खोटं उघडं पडलं असतं."

"तुमचं कसलं खोटं?"

"होळीच्या वक्ताला लेकीचा फोन आला ना, सुनंच्या फोनवर. आले व्हते का अण्णा, म्हणली. आवाज असा कसनुसा केला व्हता पोरीनं. माझ्यानं नाय म्हणवलं नाय. म्हणलं, आले व्हते बाई. हात जोडले, डोळ्यातनं पानी काढलं, अन् ते इंद्रजाल बी घेऊन गेले." म्हातारी ओशाळं हसली. "लई खूस झाली लेकरू. म्हणली, मी त्यांना विचारनार नाय, त्यांच्या तोंडानं सांगतेन तवा सांगतेन. म्या एकदा खोटं बोललेच व्हते तुमच्यापायी, त्यात अजून एक."

साहेबरावांना लेकीचं एकेक वाक्य आठवलं. जेवलात का अण्णा, ऊन फार आहे का, मला तुमचा अभिमान वाटतो. त्यातलं एकही वाक्य त्यांनी कमावलेलं नव्हतं. सगळं या म्हातारीच्या खोट्यावर उधार आणलेलं होतं, आणि त्यावर त्यांनी गल्लीला चहा पाजला होता. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, ते त्यांना त्या ओसरीवर कळलं.

आता गप्प बसलं असतं तरी चालणार होतं. फ्रेम हाती आली होती, माफी मागून झाली होती, म्हातारी कुणाला सांगणार नव्हती आणि लेक विचारणार नव्हती. सगळं आपसूक जुळलं होतं. साहेबरावांनी कप खाली ठेवला, अंगणात जाऊन उभे राहिले आणि फोन लावला.

"अण्णा! या वेळी कसा काय फोन? दुकानात नाही का?"

"नाय. फुलंब्रीला आलोय. चतुराबाईकडं."

"परत गेलात?" तिचा आवाज एकदम आनंदानं भरून आला. "अण्णा, किती चांगले आहात हो तुम्ही."

साहेबरावांनी फोन दुसऱ्या हातात घेतला.

"परत नाय गं पोरी," ते म्हणाले. "आजच आलोय. पहिल्यांदाच."